वाचकांचे प्रश्न : व्यवसाय माहिती प्रणाली व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण

या सदराकडे आलेल्या पत्रांत गेले काही दिवस एक विषय वारंवार दिसतो आहे : व्यवसायातील माहिती प्रणाली आणि त्यांचे व्यवस्थापन यांचे पदव्युत्तर शिक्षण. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे रिवाजाप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याच्या विचारात आहे. माझा थोरला भाऊ संगणक अभियंता आहे. त्याचे म्हणणे असे, की हा अभ्यासक्रम धड ना संगणकाचा, धड ना व्यवस्थापनाचा. दोन्हीकडचे थोडे थोडे शिकवून विद्यार्थ्याला मध्येच सोडून देतात. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : थोडे आहे. काही ठिकाणी हा अभ्यासक्रम खरोखरच त्या पद्धतीने शिकवला जातो : एका तासाला डेटाबेस, पुढच्या तासाला विपणन, आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हे विद्यार्थ्याने आपापले शोधायचे. तशा ठिकाणी प्रवेश घेण्यापेक्षा तुमच्या भावाचे ऐकलेले बरे. परंतु या विषयाला स्वतःचा असा एक प्रश्न आहे. एखाद्या संस्थेतले काम कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणती माहिती हाताशी धरून करायचे, त्यातला कोणता भाग यंत्राकडे सोपवायचा, आणि तो सोपवल्यावर उरलेल्या माणसांचे काम कसे बदलते, हा तो प्रश्न.

तो ज्यांनी फार लवकर ओळखला, ते संगणक विकणारे लोक नव्हते. जे. लायन्स अँड कंपनी ही ब्रिटिश कंपनी चहाची दुकाने आणि बेकरी चालवत असे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक या संगणकाच्या आराखड्यावरून तिने ‘लिओ’ हा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे काम त्यावर सुरू केले. पुढे काही वर्षांनी दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम त्या यंत्राकडे आले, आणि मला वर्गात सांगण्याजोगा भाग तेथे सुरू होतो. प्रत्येक दुकानाने रोज संपूर्ण मागणीपत्रक भरावे आणि कचेरीतल्या कोणीतरी ते यंत्रात घालावे, हा सरधोपट मार्ग होता. लायन्सच्या माणसांनी तो घेतला नाही. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्राकडे कायमची नोंदवून ठेवली, आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जेवढा फरक असेल तेवढाच दूरध्वनीवरून कळवावा, असे ठरवले. दूरध्वनीवर बसलेली व्यक्ती तो फरक ऐकता ऐकता थेट यंत्राला वाचता येणाऱ्या कार्डांवर छिद्रित करत असे. कागदाचा एक आख्खा टप्पाच नाहीसा झाला. यात नवे गणित नाही की नवे यंत्र नाही. दुकानातले काम कसे चालते हे कोणीतरी नीट पाहिले होते, इतकेच.

दुसरे उदाहरण मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडले आणि तेव्हापासून ते जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले जाते. फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक माणसे पुरवठादारांची बिले भागवण्याचे काम करत होती. संगणकीकरण केल्यास त्यांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटेल, असा कंपनीचा हिशेब होता. तेवढ्यात लक्षात आले की माझदा कंपनीत हेच काम अवघी ५ माणसे करतात. माझदा लहान कंपनी होती हे धरूनसुद्धा हा फरक समजण्यापलीकडचा होता. शोध घेतल्यावर दिसले, की फोर्डच्या कारकुनांचा बहुतेक वेळ खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांतील १४ बाबी एकमेकींशी ताडून पाहण्यात आणि त्या जुळल्या नाहीत की कारण शोधण्यात जात होता. नव्या रचनेत बिल हा कागदच काढून टाकला. माल दारात आला की तेथील माणसाने संगणकावरचा खरेदी आदेश पाहायचा, जुळला तर माल घ्यायचा, न जुळला तर परत पाठवायचा. घेतला की पैसे देण्याची व्यवस्था यंत्र आपसूक करणार. ताडून पाहायच्या बाबी १४ वरून ३ वर आल्या आणि विभागातील माणसे ७५ टक्क्यांनी कमी झाली.

तुमच्या भावाला हे उदाहरण सांगून विचारा, की जुन्या पद्धतीचेच उत्तम संगणकीकरण करून देण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली असती, तर त्याने ती पार पाडली असती की ‘मुळात बिल हवेच कशाला?’ असे विचारले असते? तो चांगला अभियंता असेल तर हसेल. आणि त्या ७५ टक्के माणसांचे पुढे काय झाले, असे त्याने उलट विचारले, तर तोही याच विषयातला प्रश्न आहे, हे त्याला जरूर सांगा.

प्रश्न : प्रोग्रामिंग किती यावे लागते? मला त्याची भीती वाटते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

उत्तर : दुसऱ्याने लिहिलेला लहानसा प्रोग्राम वाचून तो काय करतो हे सांगता यावे, आणि एसक्यूएल या प्रश्नभाषेत डेटाबेसमधून हवी ती माहिती स्वतः काढता यावी, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. खरी कसोटी लागते ती डेटाच्या आराखड्यात. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सारा डेटा तक्त्यांत मांडण्याची कल्पना पुढे आणली आणि १९७६ मध्ये पीटर चेन यांनी त्या तक्त्यांमागच्या वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध चित्राने दाखवण्याची पद्धत दिली. तुम्ही पहिल्याच सत्रात या दोघांच्या हाताखाली सापडणार आहात. म्हणून एक नमुना येथेच पाहू.

एखादे साधे बिल समोर घ्या. त्यावर ग्राहकाचे नाव, पत्ता, तारीख, आणि खाली तीन वस्तूंच्या तीन ओळी आहेत : वस्तू, नग, दर, रक्कम. एका बिलाला तक्त्याची एक ओळ द्यावी, तर तीन वस्तू कोठे बसवायच्या? म्हणून बिलाचा एक तक्ता आणि बिलातील ओळींचा दुसरा तक्ता करावा लागतो. ग्राहक आणि वस्तू यांचेही स्वतंत्र तक्ते होतात. येथवर सगळे शिकतात. मग मी वर्गात विचारतो, की वस्तूच्या तक्त्यात दर आहेच, तर तो बिलाच्या ओळीत पुन्हा कशाला लिहायचा? एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये, हा नियम नुकताच शिकवलेला असल्याने बरेचसे विद्यार्थी बिलातला दर उत्साहाने खोडून टाकतात. पुढच्या महिन्यात वस्तूचा दर वाढतो आणि गतवर्षीची सगळी बिले आपोआप महाग होतात! आजचा दर आणि विकला त्या दिवशीचा दर या एकाच आकड्याच्या दोन प्रती नव्हेत, त्या दोन निरनिराळ्या वस्तुस्थिती आहेत, हे त्या क्षणी जे उमगते ते पुढे विसरत नाही. ग्राहकाने घर बदलले तर जुन्या बिलावरच्या पत्त्याचे काय करायचे, हा गृहपाठ.

तुम्ही आपली शाखा कळवलेली नाही. पण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी या ठिकाणी बहुधा कमी चुकतात, असा माझा अनुभव आहे. खतावणीत एकदा केलेली नोंद खोडायची नसते, चुकली तर उलट नोंद करायची असते, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेले असते. त्यांना प्रोग्रामिंगची भीती वाटते आणि अभियंत्यांना ताळेबंदाची. पहिल्या सत्राअखेर दोन्ही बऱ्याच ओसरलेल्या असतात.

प्रश्न : मी अकरा वर्षे एका कंपनीच्या गोदाम विभागात काम करतो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी ईआरपी (खरेदी, साठा, विक्री, हिशेब असे सगळे विभाग एकत्र जोडणारी) प्रणाली बसवली, तरी आजही प्रत्येक जण शेजारी स्वतःची वही नाही तर एक्सेलची फाइल बाळगून असतो. वरिष्ठांच्या मते कर्मचाऱ्यांना शिस्त नाही. मला हे बदलायचे आहे. पण पदवी घेऊन पुस्तकी ज्ञानाने ते साधेल का, याची शंका वाटते.

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे त्या वह्या. त्या जप्त करण्याआधी कोणीतरी वाचाव्यात.

मी अध्यापनाकडे वळण्यापूर्वी काही काळ प्रणाली विश्लेषक म्हणून नोकरी केली. एका कंपनीत आम्ही आवक नोंदवण्याचा संगणकावरचा पडदा (स्क्रीन) तयार केला होता आणि त्यात बॅच क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. ही सक्तीची मागणी गुणवत्ता विभागाची होती. आवक घेणाऱ्या माणसाला आम्ही विचारलेच नव्हते. प्रत्यक्षात काही पुरवठादारांच्या खोक्यांवर बॅच क्रमांक नसायचाच. बाहेर ट्रक उभा, चालक घाईला आलेला, आणि पडदा काही पुढे सरकू देत नाही. आवक कारकुनाने त्या रकान्यात एक टिंब टाकले आणि पडद्याने ते निमूट स्वीकारले. काही महिन्यांनी सदोष मालाची एक खेप शोधून काढण्याची वेळ आली, तेव्हा प्रणालीने आमच्यासमोर टिंबांची लांबलचक यादी ठेवली. कारकुनाने खण उघडून वही काढली. तीत तारीख, ट्रकचा क्रमांक, पुरवठादार आणि माल कोणत्या मांडणीवर ठेवला, हे सारे बारीक अक्षरात लिहिलेले होते. माल दुपारच्या आत सापडला. त्या माणसाला बेशिस्त म्हणण्याचे धाडस त्यानंतर मला कधी झाले नाही. चूक आमच्या पडद्याची होती.

वह्यांचे आणखी एक कारण तुमच्या गोदामात सापडण्याची बरीच शक्यता आहे. ‘शिल्लक’ हा शब्द घ्या. मांडणीवर दिसतो तो माल, दुसऱ्या ग्राहकासाठी राखलेला माल, तपासणीत अडकलेला माल आणि कागदोपत्री आलेला पण अजून वाटेत असलेला माल, या चारही गोष्टींना लोक शिल्लकच म्हणतात. पडद्यावर आकडा एकच असेल, तर विक्री विभाग म्हणतो माल आहे, गोदाम म्हणते नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी गोदामातला माणूस आपल्यापुरता खरा आकडा वहीत ठेवतो. प्रणालीवरचा अविश्वास त्याला कोणी शिकवलेला नसतो. दोनतीनदा तोंडघशी पडल्यावर तो येतोच.

पुस्तकी ज्ञानाबद्दल बोलायचे, तर या बाबतीत पुस्तके तुमच्या बाजूची आहेत. १९५१ मध्ये, म्हणजे लिओ संगणक कामाला लागला त्याच वर्षी, टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी ब्रिटनमधील कोळसा खाणींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी यंत्रे आल्यावर खाणींतील लहान, स्वयंपूर्ण टोळ्या मोडून कामाची पाळ्यांत विभागणी करण्यात आली आणि प्रत्येक पाळीला एकेकच काम दिले गेले. एका पाळीत कमीजास्त झाले की पुढच्या पाळीची पंचाईत व्हायची, आणि ते सावरून घेणारी टोळी तर आता उरली नव्हती. यंत्रांपासून अपेक्षिलेले उत्पादन मिळाले नाही. यंत्राची रचना आणि माणसांच्या कामाची रचना एकत्रच करावी लागते, हा विचार या अभ्यासातून पुढे आला आणि माहिती प्रणालींच्या अध्यापनाचा तो आजही पाया आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचे काम ३० महिन्यांत उरकायचे ठरवून १९९९ च्या उन्हाळ्यात, वर्षातल्या सर्वाधिक विक्रीच्या तोंडावर, नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. माल तयार असूनही १० कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या तिला वेळेवर पुरवता आल्या नाहीत.

तेव्हा शिकायला जरूर जा, मात्र शक्य असेल तर नोकरी न सोडता अर्धवेळ. कामाच्या प्रवाहाचे चित्र काढण्याची बीपीएमएन ही सर्वमान्य चित्रभाषा शिकाल, तेव्हा पहिले चित्र आपल्या आवक विभागाचे काढा आणि त्यात वह्यासुद्धा दाखवा. त्यांचे प्रकार पाडा : प्रणालीत जागाच नसलेली माहिती, जागा असूनही भरायला वेळ न मिळणारी माहिती, आणि कोणाला दिसू नये म्हणून लपवलेली माहिती. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि शिस्तीचा संबंध फार तर तिसऱ्याशी आहे. पदवीने तुम्हाला अधिकार मिळणार नाही. पण वरिष्ठांसमोर ठेवण्याजोगा कागद तयार करता येईल, आणि कचेऱ्यांत तक्रारीपेक्षा कागद लवकर वाचला जातो.

प्रश्न : एमआयएस (व्यवस्थापन माहिती प्रणाली), बिझनेस इन्फॉर्मेशन सिस्टिम्स, इन्फॉर्मेटिक्स, बिझनेस ॲनालिटिक्स अशा नाना नावांचे अभ्यासक्रम दिसतात. शिवाय काही एक वर्षाचे, काही दोन वर्षांचे. निवड कशी करावी?

उत्तर : नावे बहुतेक इतिहासाने दिलेली आहेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या विषयाला विद्यापीठीय घडण दिली, तेव्हा एमआयएस हे नाव रूढ झाले. जर्मन भाषिक देशांत हाच विषय विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक म्हणून वाढला आणि तेथे प्रणाली बांधण्यावर अधिक भर राहिला. ॲनालिटिक्स मात्र निराळे आहे. तेथे डेटा हाती आल्यापासून काम सुरू होते. तो डेटा कोणी, कशासाठी आणि किती घाईत भरला, ही चौकशी माहिती प्रणालींच्या अभ्यासकाने करायची असते. वरच्या पत्रातले टिंब आठवा.

कालावधीचे म्हणाल तर वर्षे मोजू नयेत, श्रेयांक (क्रेडिट) मोजावेत. युरोपीय पद्धतीत दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला १२० श्रेयांक असतात आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. ब्रिटनमधील एक वर्षाची पदवी तेथील १८० श्रेयांकांची, म्हणजे युरोपीय हिशेबाने ९० ची असते. म्हणजे ती दोन वर्षांच्या पदवीच्या निम्मी नसून पाऊणपट आहे, आणि ती बारा महिन्यांत कोंबलेली असल्याने दमछाक करते.

अभ्यासक्रमाचे पत्रक वाचताना एक मोजपट्टी हाताशी ठेवता येईल. एसीएम आणि एआयएस या दोन व्यावसायिक संघटनांनी मिळून पदव्युत्तर माहिती प्रणाली शिक्षणासाठी २०१६ ची मार्गदर्शिका तयार केली आहे; तिच्यात नऊ क्षमताक्षेत्रे सांगितली आहेत. डेटा व्यवस्थापन, प्रणाली विकसन आणि पायाभूत तंत्रज्ञान ही तर असतातच. पण एंटरप्राइज आर्किटेक्चर (संस्थेचे काम आणि तिच्या प्रणाली यांचा एकत्रित आराखडा), संकटातही काम अखंड ठेवण्याची व्यवस्था, आणि नीती व सामाजिक परिणाम ही क्षेत्रेही तिच्यात आहेत, आणि कच्च्या अभ्यासक्रमांत नेमकी हीच गळालेली असतात. ती सापडली, आणि शिवाय बाहेरच्या संस्थेत करायचा एक खराखुरा प्रकल्प सक्तीचा असला, तर नाव काहीही असो.

प्रश्न : पदवीऐवजी आयटीआयएल, कोबिट किंवा सॅपची प्रमाणपत्रे घेतली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचणार नाहीत का?

उत्तर : तुम्हाला नेमकी कोणती नोकरी हवी हे ठरलेले असेल आणि तेथे ते प्रमाणपत्र मागत असतील, तर वाचतील. आयटीआयएल ही माहिती तंत्रज्ञानाच्या सेवा चालवण्याची आणि कोबिट ही त्या तंत्रज्ञानावरील नियंत्रणाची चौकट आहे. दोन्ही उपयुक्त आहेत आणि थोड्या आठवड्यांत शिकता येतात. उत्पादनाशी बांधलेली प्रमाणपत्रे मात्र जुनी होतात. सॅप या कंपनीच्या ईआरपी प्रणालीच्या १९९२ च्या आर/३ आणि २०१५ च्या एस/४हाना या आवृत्त्यांचे पडदे सारखे नाहीत. खरेदी आदेश, माल पावती आणि बिल यांचा मेळ घालण्याचा प्रश्न दोन्हींत तोच आहे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे प्रोग्रामरांच्याच नोकऱ्या जाणार असे म्हणतात. मग या मधल्या पदवीला काय अर्थ राहील?

उत्तर : कोणत्या नोकऱ्या जातील याचे भाकीत मी करणार नाही. पण हा विषय निरर्थक झाल्याची घोषणा पूर्वीही झालेली आहे. १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी म्हटले होते, की संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. २००३ मध्ये निकोलस कार यांनी मांडले, की माहिती तंत्रज्ञान आता विजेसारखे सर्वांनाच उपलब्ध झाले असून त्यात स्पर्धेतला लाभ उरलेला नाही. विजेची उपमा त्यांनी चांगली निवडली. फक्त आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी तीच वीज १९९० मध्ये तपासली होती. कारखान्यांत विजेची मोटर आली तेव्हा सुरुवातीला ती वाफेच्या इंजिनाच्या जागी बसवली गेली, आणि सगळी यंत्रे पूर्वीसारखीच एका लांब दांड्यावर पट्ट्यांनी फिरत राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कारखान्याची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली गेली, तेव्हा कोठे, १९२० च्या दशकात, उत्पादकता ठळकपणे वाढली. मांडणी बदलणे हेच आपले काम.

आजचे उदाहरणही हवे असेल तर आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला नातलगाच्या मृत्यूनंतरच्या सवलतीबाबत चुकीची माहिती दिली. त्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या पानावर नियम वेगळा होता. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव फेटाळून ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला भरपाई द्यायला लावली. कंपनीचा नियम कोणत्या एका ठिकाणी लिहिलेला असावा, तो बदलण्याचा अधिकार कोणाला असावा आणि बाकी साऱ्यांनी तो तेथूनच कसा घ्यावा, हे ठरवणे कोणाचे काम होते? या अभ्यासक्रमात त्याला डेटाचे नियमन म्हणतात. विद्यार्थी त्या तासाला जांभया देतात, हेही खरे.

प्रश्न : माझे शेवटचे सत्र सुरू आहे. प्रबंधासाठी ‘कर्मचाऱ्यांचा नव्या प्रणालीचा स्वीकार’ हा विषय घेऊन मित्रमंडळींकडून शंभरेक प्रश्नावल्या भरून घ्याव्यात, असा विचार आहे. मार्गदर्शक फारसे उत्साही दिसत नाहीत. आपण काय सुचवाल?

उत्तर : मार्गदर्शकांच्या जागी मीही उत्साही नसतो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दाखवले, की प्रणाली उपयुक्त वाटणे आणि ती वापरायला सोपी वाटणे, या दोन गोष्टींवर तिचा स्वीकार बराचसा अवलंबून असतो. तेव्हापासून हा नमुना इतक्या प्रणालींना लावून झाला आहे, की उपयुक्त वाटणारी प्रणाली लोक वापरतात हे पुन्हा एकदा सिद्ध करून तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्यातच उत्तरे देणारे मित्र ती प्रणाली रोज वापरत नसतील, तर त्यांचे मत म्हणजे केवळ अंदाज. आणि वापरणे सक्तीचे असेल तेथे स्वीकाराचा प्रश्न विचारण्यात तरी काय हशील? वापर सगळेच करतात, पण कसा करतात हे पाहायला हवे.

दोन वाटा सुचवतो. डिलोन आणि मॅक्लीन यांनी १९९२ मध्ये प्रणालीचे यश मोजण्याचे वेगवेगळे पैलू एकत्र मांडले आणि २००३ मध्ये त्यांत सेवेच्या दर्जाची भर घातली. त्यांतला माहितीचा दर्जा हा एकच पैलू घेऊन एकाच विभागातील एकाच तक्त्याचा खोलात जाऊन अभ्यास करता येईल : किती रकाने रिकामे, किती ठिकाणी ‘इतर’ निवडलेले, किती तारखा महिनाअखेरीस एकदम भरलेल्या. मग त्या भरणाऱ्या पाचसात माणसांशी त्यांच्या टेबलाशेजारी बसून बोलावे. दुसरी वाट बांधणीची. हेव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विषयाच्या एमआयएस क्वार्टर्ली या नियतकालिकात संशोधनाची अशी पद्धत मांडली, की काहीतरी उपयुक्त बांधावे आणि ते काम देते का याची काटेकोर परीक्षा करावी. एखाद्या नोंदीचा सुधारलेला पडदा, तपासणीचा एखादा नियम, एवढेही पुरते. मात्र परीक्षा खऱ्या कामावर झाली पाहिजे.

दोन्ही वाटांना संस्थेची परवानगी लागते, आणि विद्यार्थी फसतात ते तिथेच. तोंडी होकार देणारा अधिकारी बदलून जातो, किंवा डेटा बाहेर नेता येणार नाही हे ऐन वेळी कळते, आणि मग शेवटच्या महिन्यात पुन्हा मित्रमंडळींच्या प्रश्नावल्या निघतात. कोणता तक्ता, कोणत्या तारखांपासून, नावे काढून की नावांसह, आणि तो कोठे ठेवून अभ्यासायचा, हे चार मुद्दे लिहिलेले परवानगीपत्र हाती येईपर्यंत प्रबंधाचे शीर्षक नोंदवू नका.